वीरभद्रप्पा सरांचा फ्युरिअस

मला राग रोज येतो. आमच्या सोलापुरात नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही, पण माझ्या रागाचा नागा कधी झाला नाही. भूगोलाच्या तासाला नकाशा उलटा धरणारं पोरगं दिसलं की "जीव घेईन तुझा" म्हणायचे आणि मधल्या सुट्टीत त्याच पोराच्या हातावर डब्यातला लाडू ठेवायचे. सव्वीस वर्षं शाळेत काढली. रिक्षावाल्यांपासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांशी भांडले, पण माझ्या शब्दानं कुणाचा केससुद्धा वाकडा झाला नाही. इंद्रायणीबाई ओरडतायत, एवढं म्हणून लोक आपापल्या कामाला लागायचे.

वीरभद्रप्पा सरांचं अगदी उलटं. शिक्षकांच्या खोलीत ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसत आणि वर्गात इंग्रजी शिकवत. त्यांच्या वडिलांचं भुसारीचं दुकान होतं, आणि शाळेच्या सुट्टीत सर तिथं ज्वारी मोजायला बसत. पुढं ते दुकानात गेले नाहीत, बी.एड. करून मास्तर झाले, पण येताना वडिलांचा तराजू बरोबर घेऊन आले, असं मी त्यांना चिडवायचे. प्रत्येक शब्द तोलून बाहेर पडायचा. आज भाजी कशी झालीय, असं विचारलं तर घास गिळून, थोडा विचार करून म्हणायचे, "बरी आहे." छान हा शब्द त्यांनी सव्वीस वर्षांत माझ्या भाजीला तीनदा वापरला, आणि तिन्ही वेळा भाजी खरोखरच छान झाली होती.

शाळेत ते मराठी बोलत, वर्गात इंग्रजी, घरी कन्नड. घरून फोन आला की व्हरांड्यात जाऊन इतक्या हळू आवाजात कन्नड बोलायचे, की मला वाटायचं हे कुणाला तरी झोपवतायत. मला कन्नड येत नाही. त्यांच्या बायकोच्या, दानम्माच्या, डब्यातली शेंगाची चटणी तेवढी मला नीट कळायची.

सरांची शिकवायची एक रीत होती. नवीन शब्द आला की पोरांनी दुसऱ्या दिवशी त्याचं वाक्य आणायचं, आणि ते गाइडातलं चालायचं नाही. घरचं वाक्य पाहिजे, असं ते म्हणायचे. घरात घडलंय तेच लिहायचं. त्यामुळं अर्ध्या सोलापूरच्या घरात काय शिजतंय ते सरांना ठाऊक असायचं, पण त्यांनी ते कधी मलासुद्धा सांगितलं नाही. मी विचारून विचारून थकले.

नववीला दरवर्षी फ्युरिअस हा शब्द यायचा. माझा वर्ग शेजारी, मध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत. त्यामुळं तो तास मला पाठ झाला होता. सर फळ्यावर एकावर एक तीन रेघा मारायचे. खालच्या रेघेवर ॲनॉइड, मधल्या रेघेवर अँग्री आणि सगळ्यात वर फ्युरिअस. बसमध्ये कुणी पायावर पाय दिला तर तुम्ही ॲनॉइड. कुणी तुमच्याशी खोटं बोललं तर अँग्री. फ्युरिअस मात्र रागाची शेवटची रेघ, त्याच्यावर फळाच संपतो. हा शब्द वापरायच्या आधी दहादा विचार करा, असं ते बजावायचे.

पोरं कसली विचार करतायत. दुसऱ्या दिवशी पन्नासातल्या चाळीस घरांत बाप फ्युरिअस झालेला असायचा. चप्पल हरवली म्हणून, दूध उतू गेलं म्हणून, टीव्हीचा रिमोट फुटला म्हणून. सर एकेकाला उभं करून चौकशी करायचे. वडील त्या दिवशी जेवले का? जेवले ना? मग ते अँग्री होते, बाळ. फ्युरिअस माणसाला घास जात नाही. असं करत करत सगळी वाक्यं एकेक रेघ खाली उतरायची. सरांच्या वर्गात फ्युरिअस व्हायला वशिला लागतो, असं आम्ही शिक्षक म्हणायचो.

आणि शेवटी ते सांगायचे की फ्युरिअस माणसाचा शब्द वजनदार असतो. रोज चिडणाऱ्याचं कुणी मनावर घेत नाही. जो सहसा चिडत नाही, त्यानं चिडून काही म्हटलं तर ते ऐकावं, त्याला तसंच कारण असतं. हे सांगताना ते फळ्यांच्या भिंतीकडं बघून गालात हसायचे, असं मला पोरांकडून कळायचं. मी त्याबद्दल त्यांच्याशी भांडलेही आहे.

त्यांचा मुलगा नंदीश त्याच वर्गात शिकला. एकुलता एक, अंगानं किरकोळ, डोळे आईसारखे. त्यानं नववीत घरचं वाक्य आणलं, की माझे आप्पा कधीच फ्युरिअस होत नाहीत. सरांनी त्या वाक्यात काही खोडलं नाही. मधल्या सुट्टीत ही गोष्ट त्यांनी मला आपण होऊन सांगितली, आणि सरांनी आपण होऊन काही सांगणं म्हणजे केवढी मोठी गोष्ट, ते मलाच माहीत.

दोन हजार सोळाच्या मार्चमध्ये दानम्मा गेली. दहावीचे पेपर चालू होते. सकाळी निरोप आला तसे आम्ही चार-पाच शिक्षक बाळीवेशीतल्या त्यांच्या घरी गेलो. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला भिंतीशी बसवलं होतं, कपाळभर विभूती लावली होती, आणि ती दोन दिवसांच्या तापात गेली असं सगळे बोलत होते. सरही तेच समजत होते. तिला नेसवायला चांगलं लुगडं पाहिजे म्हणून बायकांनी कपाट उघडलं, तर लुगड्यांच्या खाली दवाखान्याची फाइल निघाली. कुणीतरी ती सरांच्या हातात दिली. वरची तारीख नोव्हेंबरची होती, आणि आत पोटाच्या कॅन्सरचे कागद होते.

दानम्माला नोव्हेंबरातच कळलं होतं. तिनं नंदीशला शपथ घातली होती की आप्पांना सांगायचं नाही. दहावीचं वर्ष आहे, त्यांच्या डोक्यात पोरांच्या परीक्षा आहेत, एप्रिल उजाडू दे, मग मीच सांगते. अक्कलकोटला बहिणीकडं जाते असं सांगून ती बाहेर पडायची आणि नंदीश तिला दवाखान्यात न्यायचा. चार महिने असं चाललं. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता, चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात लागला होता. साहेबाच्या हातापाया पडून आईसाठी सुट्ट्या काढत होता. एप्रिल काही उजाडला नाही.

नंदीशनं खाली मान घालून हे सगळं सांगितलं. सरांनी ते ऐकून घेतलं आणि मग आम्ही कुणी कधी ऐकला नव्हता असा आवाज त्यांच्यातून निघाला. त्यांनी फाइल भिंतीवर फेकली. कागद दानम्माच्या पुढ्यात जाऊन पडले.

"चार महिने मी तिला बोलत होतो, दुपारची का झोपतेस म्हणून. आणि तू शेजारी बसून ऐकत होतास. मी बोलावेपर्यंत या घरात पाऊल टाकायचं नाही."

एवढंच. जोडीला शिवी नाही की शाप नाही. नंदीशनं आईच्या पायावर डोकं ठेवलं आणि तो बाहेर गेला. मातीच्या वेळी सगळ्यांच्या मागं, लांब उभा होता. तिथून परस्पर चिंचोळीला गेला आणि त्यानं तिकडंच खोली घेतली.

हेच शब्द मी बोलले असते तर पोरगं संध्याकाळी चहाला घरात असतं. माझ्या स्वतःच्या मुलाला मी निदान पन्नास वेळा घराबाहेर काढलंय. त्यानं एकदाही चप्पल घातली नाही. पण नंदीश त्या माणसाचा मुलगा होता, ज्यानं कधी भाजीलासुद्धा उगाच छान म्हटलं नव्हतं. आप्पांनी शब्द वापरला म्हणजे तोलून वापरला असणार. बोलावेपर्यंत म्हणाले म्हणजे बोलावेपर्यंत. तो बोलावण्याची वाट बघत बसला.

चिंचोळी किती लांब? पुणे रस्त्यानं गाडीवर अर्धा तास. त्या अर्ध्या तासाच्या अंतरावर सात वर्षं गेली.

दर रविवारी नंदीशचा मला फोन यायचा. आप्पा जेवतात का, गुडघा कसा आहे, चष्म्याचा नंबर वाढला का. लॉकडाउनमध्ये पोलिसांच्या बांबूच्या पलीकडं उभा राहून त्यानं मला ज्वारीचं पीठ आणि बीपीच्या गोळ्या दिल्या आणि माझं नाव सांगू नका म्हणाला. मी सरांना नाव सांगितलं. मला कुठली गोष्ट पोटात ठेवता येते? सरांनी त्या पिठाच्या भाकरी स्वतः थापल्या, वेड्यावाकड्या, आणि एकही वाया घालवली नाही. पण फोन केला नाही.

त्यांची निवृत्ती जवळ आली होती त्या वर्षाची गोष्ट. मी शेजारच्या वर्गात दख्खनचं पठार शिकवत होते आणि पलीकडं फ्युरिअसचा तास लागला. खडूचा आवाज आला. दोन रेघा झाल्या आणि तो थांबला. तिसरी रेघ मारलीच नाही. बराच वेळ काही ऐकू येईना, म्हणून मीही बोलायची थांबले. मग सर म्हणाले,

"फ्युरिअस ही वरची रेघ नाही. तुमच्या आधीच्या सगळ्या पोरांना मी चुकीचं शिकवलं. अँग्री माणूस जागेवर असतो, तो काय बोलतो ते त्याला कळतं. फ्युरिअस माणूस तिथं नसतोच. त्या वेळी त्याच्या तोंडून जे निघतं त्याला काही वजन नसतं. ते कुणी धरून बसू नये."

माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली. पठारही तिथंच राहिलं. पोरांनी पुढचा धडा विचारला तर मी त्यांना नकाशा रंगवायला सांगितलं आणि खिडकीकडं तोंड करून डोळे पुसले.

मधल्या सुट्टीत मी सरांना धरलं. पन्नास परक्या पोरांना सांगितलंत तेच त्या एकाला सांगा, आत्ता फोन लावा, नाहीतर मी लावते, मी म्हणाले. त्यांनी डबा बंद केला.

"मी बोलावलं तर ते शब्द खरे ठरतात की, बाई. ते खरे नव्हतेच. त्याचा तो आला पाहिजे. घर त्याचंच आहे."

"तो तुम्ही बोलावल्याशिवाय यायचा नाही."

"माझा विद्यार्थी आहे तो. त्याला कळेल."

तो त्यांचा विद्यार्थी होता, हीच तर पंचाईत होती. त्याच्या वहीत तीन रेघा होत्या. फ्युरिअस माणसाचा शब्द वजनदार, तो ऐकावा, असं त्यानं आप्पांच्याच तोंडून लिहून घेतलं होतं. वर्गात काय झालं ते मी त्याला त्याच संध्याकाळी फोनवर शब्दन् शब्द सांगितलं. तो म्हणाला, आप्पा तुम्हाला असं म्हणाले? मी म्हटलं, मला नाही, वर्गाला म्हणाले, मी भिंतीतून ऐकलं. त्यावर तो म्हणाला, मग कधीतरी मलापण म्हणतील की, बाई. मी फोनवर त्याला गाढव म्हटलं, त्याच्या बापालाही म्हटलं, आणि फोन आपटला. दोघांनीही ते मनावर घेतलं नाही.

मागच्या श्रावणाच्या आधी सर सकाळी पाणी भरताना मोरीत पडले. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यात पाच दिवस ठेवून डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. अक्कलकोटकडच्या गावाहून त्यांचे धाकटे भाऊ ईरप्पा आले आणि बाजल्याजवळ बसले. त्यांना शेती आहे, म्हशी आहेत, माणूस रोखठोक. सर सगळं बघत होते, पाणी पाजलं तर पीत होते, पण तोंडातून अक्षर फुटत नव्हतं.

नंदीश दवाखान्यात रोज यायचा, पण सरांच्या खाटेजवळ गेला नाही. औषधं आणायची, कागदांवर सह्या करायच्या, जिन्यात बसून राहायचं. सर घरी आले तसा तो घराच्या कट्ट्यावर येऊन बसला. कामावर रजा टाकली होती. दूध आणलं की दारातून ईरप्पांच्या हातात द्यायचा. सरांच्या चादरी बाहेर मागवून घेऊन नळावर धुवायचा आणि वाळल्या की घडी करून उंबऱ्यावर ठेवायचा. पण पाऊल आत टाकायचा नाही. ईरप्पांनी त्याला कन्नडमध्ये हात जोडून समजावलं, मग त्याच कन्नडमध्ये शिव्या दिल्या. शेवटी माझ्याकडं वळले.

"बाई, ह्ये पोरगं बापावर गेलंय बगा. दोगं बी खुळे हायत. आता त्यो बोलवायचा कसा? त्याची जीभच गेली की."

मी सरांच्या उशाशी बसले. त्यांना सांगितलं की नंदीश बाहेर कट्ट्यावर आहे, आज सहावा दिवस. तुम्ही बोलावल्याशिवाय आत येत नाही म्हणतो. एक शब्द म्हणा, सर. ये म्हणा. एका अक्षराचा शब्द आहे.

त्यांना कळलं. कळलं हे मी शपथेवर सांगते, कारण त्यांनी प्रयत्न सुरू केला. ओठ मिटायचे, घट्ट मिटायचे, कपाळावर शीर उठायची, आणि ओठ तसेच राहायचे, सुटायचे नाहीत. दुपारी तीनला सुरुवात केली त्यांनी. मी घाम पुसत होते, पुरे म्हणत होते, ते डाव्या हातानं मला बाजूला सारत होते. ऊन उतरलं तरी चाललंच होतं. आयुष्यभर शब्दांचा तराजू धरलेला माणूस, एका अक्षरासाठी उशी भिजेपर्यंत झटला आणि त्याला ते मिळालं नाही. मला ते बघवेना. मी उठले, बाहेर गेले आणि नंदीशला म्हणाले,

"ऊठ. आप्पा ये म्हणाले."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग उठून, हातपाय धुऊन तो आत गेला. सरांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं आणि घशातून आवाज काढून रडायला लागले. नंदीश बाजल्याच्या पायाशी बसला होता, त्यानं कपाळ त्यांच्या पोटऱ्यांना टेकवलं होतं. मी आणि ईरप्पा मागच्या दारी गेलो. ईरप्पा गमछ्यात तोंड घालून रडले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. आयुष्यात इतकं खोटं बोलले, एक तरी कामी आलं, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी पहाटे सर गेले. नंदीश जवळ होता. त्यांना बसवलं, विभूती लावली, जंगमस्वामी आले, आणि दानम्माच्या शेजारच्या जागेत त्यांना माती दिली. सगळं नंदीशनं केलं. अकराव्या दिवशी शिवगणाराधनेची जेवणं झाली, ईरप्पा गावी परतले, आणि घर रिकामं झालं. संध्याकाळी मी भांडी आवरायला थांबले होते. बाहेर आले तर नंदीश दाराला कुलूप लावत होता.

मी म्हटलं, अरे कुलूप कशाला, आता तू इथंच राहायचं, घर तुझं आहे. त्यानं किल्ली खिशात टाकली आणि कट्ट्यावर बसला.

"बाई, आप्पा ये म्हणाले नव्हते ना?"

ईरप्पांनी सांगितलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, काकांनी काही सांगितलं नाही. मला तेव्हाच कळलं होतं. आत जायला निमित्त पाहिजे होतं म्हणून गेलो.

"आप्पांनी बोलावलं असतं तर बा म्हणाले असते. आमच्याकडं 'ये'ला बा म्हणतात. आप्पा घरी माझ्याशी मराठीत एकदाच बोलले, बाई. अव्वा गेली त्या दिवशी."

मी त्याच्या शेजारी कट्ट्यावर बसले. सव्वीस वर्षं व्हरांड्यातलं ते कन्नड ऐकलं, आणि बापाच्या तोंडी खोटं घालताना मी माझ्या भाषेतलं घातलं. मग मला ती दुपार आठवली. ये म्हणायला ओठ मिटावे लागत नाहीत. मी तिथं बसूनच ते मनात म्हणून पाहिलं. बा म्हणायचं तर ओठ मिटावे लागतात. सर तीन तास ओठ मिटत होते. माझा शब्द ते म्हणतच नव्हते. ते त्यांचा शब्द म्हणत होते.

मी नंदीशचा हात धरून ते सगळं सांगायला लागले. ओठ असे मिटत होते, शीर अशी उठत होती, मला बाजूला सारत होते, ते बा म्हणत होते, नंदीश, बाच म्हणत होते. मी ओठ मिटून त्याला दाखवत होते. आणि दाखवता दाखवताच मला कळत होतं की हे त्याला कसं ऐकू येत असेल. आत्ता मी बा सांगितलं आणि आत्ता बाईंना ओठ आठवले, असंच.

मनगट धरलं होतं ना त्यांनी तुझं, मी म्हटलं. त्यावर तो म्हणाला, धरलं की, पण त्या दिवसांत ते कुणाचंही धरायचे, सलाईन लावायला यायचा त्या माणसाचंपण. मग वर्गातलं त्यानं आपणहून विचारलं. ते तरी खरं का, म्हणाला. माझ्या खोलीशेजारची चेतना त्याच वर्गात होती, तिला विचारलं मी. तिला तीन रेघाच आठवतात, आप्पा वेगळं काही बोलल्याचं आठवत नाही.

"ते खरं आहे," मी म्हणाले. "देवाशपथ खरं आहे. फ्युरिअस माणूस तिथं नसतोच म्हणाले. अरे, तूच म्हणतोस की त्या दिवशी ते तुझ्याशी मराठीत बोलले. तुझे आप्पा असते तर कन्नडमध्ये बोलले असते ना? ते तिथं नव्हतेच, नंदीश."

यापेक्षा खरं मी आयुष्यात काही बोलले नसेन. माझा आवाज नेहमीसारखाच मोठा होता. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून बघितलं आणि इंद्रायणीबाई आहेत असं आत सांगितलं. नंदीश माझ्या तोंडाकडं बघत होता. त्याचे आप्पा घास गिळून विचार करायचे ना, अगदी तसं. तो मी बोललेलं तोलत होता. मी ओंजळीनं आणखी आणखी घालत होते आणि पारडं काही खाली येत नव्हतं.

"असेल, बाई," तो म्हणाला.

मग तो उठला, वाकून मला नमस्कार केला, आणि गाडीला किक मारून चिंचोळीला गेला.